स्वस्तातला स्टेक वातड का होतो, आणि मॅरिनेड त्यात नक्की काय करतं

२०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत साध्या बीफ खिम्याचा सरासरी भाव पाउंडाला ६ डॉलरच्या वर गेला, आणि रिबाय किंवा फिलेसारख्या नावाजलेल्या स्टेकच्या पाकिटावरचं लेबल वाचून लोक पाकीट परत जागेवर ठेवायला लागले. कारण साधं आहे, गुरंच कमी झालीत. जानेवारी २०२५ च्या सरकारी मोजणीत तिथे ८ कोटी ६७ लाख गुरं भरली, १९५१ नंतरचा सगळ्यात कमी आकडा. ओळीने काही वर्षं दुष्काळ पडला, चारा महागला, म्हणून लोकांनी पुढे वासरं देणाऱ्या कालवडीसुद्धा विकून टाकल्या, आणि त्यातच मे २०२५ मध्ये स्क्रूवर्म नावाच्या, जिवंत जनावराच्या जखमेत वाढणाऱ्या अळीच्या भीतीने मेक्सिकोतून जिवंत गुरं आणणं थांबवलं. कळप परत वाढायला वर्षं लागतात, त्यामुळे असे भाव चढले की पटकन खाली येत नाहीत.

मग होतं काय, की माणूस काउंटरवर दुसऱ्या कोपऱ्यात जातो, जिथे फ्लँक (पोटाचा भाग), स्कर्ट (श्वासपटलाचा), चक (खांद्याचा), राउंड (मागच्या मांडीचा) अशी नावं असतात, त्यातला स्वस्त तुकडा उचलतो, इंटरनेटवर बघून रात्रभर मॅरिनेट करतो, म्हणजे मसाल्यात मुरवतो, शनिवारी पाहुणे बोलावून ग्रिल पेटवतो, आणि ताटात येतं ते चघळून चघळून जबडा दुखेल असं काहीतरी. मग दोष मॅरिनेडला, की लिंबू कमी पडलं, अजून एक रात्र ठेवायला पाहिजे होतं वगैरे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मॅरिनेडला आपण जेवढं श्रेय देतो तेवढं त्याचं नाहीच. स्वस्त तुकडा मऊ लागणार की नाही हे ठरतं दुकानात तुम्ही काय उचललं त्यावर, आगीवर किती वेळ ठेवलं त्यावर आणि शेवटी सुरी कुठल्या दिशेने फिरवली त्यावर. मॅरिनेड चवीसाठी आहे, आणि चवीसाठी ते खरंच भारी काम करतं, पण ते मांसाच्या आत शिरून त्याचा स्वभाव बदलत नाही.

लेख बीफबद्दल आहे, कारण स्टेक म्हणजे तेच. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे इथे बाजारात मिळतं ते म्हशी-रेड्याचं. आणि जे बीफ खात नाहीत त्यांनी मटणाची मांडी डोळ्यांसमोर ठेवून वाचलं तरी चालेल, स्नायू कुठल्याही जनावराचा असो, आत चालतं ते हेच.

तुकडा स्वस्त का असतो

मांस म्हणजे स्नायू, आणि स्नायू जेवढा राबतो तेवढा तो दणकट होतो. जनावराच्या पाठीच्या कण्याला आतून चिकटलेला एक लांबट स्नायू असतो, टेंडरलॉइन म्हणतात तो, त्याला आयुष्यभर फारसं कामच नसतं, म्हणून तो लोण्यासारखा कापला जातो आणि भावही तसाच खातो. खांदा, मांडी, पोटाची भिंत हे भाग मात्र उभं राहणं, चालणं, श्वास घेणं या सगळ्यात दिवसरात्र खपत असतात. स्कर्ट स्टेक तर चक्क श्वासपटलाचा स्नायू आहे, म्हणजे जनावर जिवंत असेपर्यंत त्याला एक मिनिटही सुट्टी नाही.

पण राबलेल्या स्नायूला चव जास्त असते, हे विसरू नका. टेंडरलॉइन मऊ असतं पण चवीला सौम्य, जवळपास गुळमुळीत. स्कर्ट आणि त्याच्या जवळचाच हँगर या तुकड्यांना जी दाट, मांसल चव असते ती त्याला नाही. त्यामुळे स्वस्त तुकडा म्हणजे हलका माल हे डोक्यातून काढून टाका.

वातडपणा दोन जातींचा

इथेच सगळा घोळ होतो, म्हणून जरा निवांत सांगते.

स्नायूत लांब लांब धागे असतात, जुडीने बांधलेले. त्या जुड्यांभोवती आणि स्नायूभोवती पांढरट पापुद्रे असतात, ते कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे. मांस चिवट लागतं ते एकतर धागे जाड आणि लांब आहेत म्हणून, नाहीतर कोलॅजन भरपूर आहे म्हणून. आणि या दोन्हींचे उपाय एकमेकांच्या बरोब्बर उलटे आहेत.

कोलॅजनला वेळ आणि ओलावा लागतो. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे ते आकसतं, म्हणजे मांस आधी जास्तच कडक होतं, आणि मग ७०-८० अंशाच्या वर तासन्‌तास राहिलं की हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. पायाचं सूप थंड झाल्यावर थिजतं ना, ते हेच जिलेटिन. धाग्यांचं मात्र उलटं, त्यांना जेवढं जास्त तापवाल तेवढे ते पाणी सोडतात आणि सुकत जातात.

आपल्या स्वयंपाकाला कोलॅजनचा उपाय अंगवळणी पडलाय. मटण म्हटलं की कुकर, चार-पाच शिट्ट्या, नाहीतर पातेल्यावर पाण्याचं झाकण ठेवून मंद आच. नळी, मान, खांदा, काहीही टाका, रश्शात ते शिजून गळतं, आणि वरून रस्सा असतोच, त्यामुळे धागे थोडे सुकले तरी जाणवत नाही. म्हणून आपल्यापैकी बहुतेकांचा हात असा बसलाय की मांस कडक वाटलं तर अजून शिजवा. ग्रिलवर नेमकं हेच अंगाशी येतं. तिथे तुकडा एकूण सहा ते दहा मिनिटं असतो, पाणी नाही, झाकण नाही, एवढ्या वेळात कोलॅजन विरघळणं शक्यच नाही, आणि तुम्ही अजून दहा मिनिटं ठेवलं तर कोलॅजन तसंच राहतं, वर धागेही कोरडे होतात.

मग ग्रिलसाठी उचलायचं काय

ज्याचे धागे जाड आहेत पण कोलॅजन बेताचं आहे, ते. फ्लँक, स्कर्ट, हँगर, सरलॉइनच्या (कमरेकडच्या भागाच्या) टोकाचा फ्लॅप, आणि खांद्यातला फ्लॅट आयर्न. शँक (नळी), ब्रिस्केट (छाती), आणि चकचे बरेचसे भाग हे कोलॅजनवाले, ते स्ट्यूला, कुकरला किंवा मंद धुरावर दहा-बारा तास ठेवायला. दुकानात तुकडा हातात घेऊन बघा, लाल मांसात पांढऱ्या जाड चकचकीत शिरा आडव्यातिडव्या जाताना दिसल्या तर तो ग्रिलचा नाही. पांढरी चरबी आणि पांढरी शीर यात मात्र गल्लत करू नका, चरबीचे बारीक ठिपके मऊसर, दुधी असतात आणि ते हवेच असतात, शीर चंदेरी असते आणि नखाने दाबली तर दबत नाही.

फ्लॅट आयर्नची गोष्ट मला फार आवडते. खांद्याच्या फऱ्यावर एक स्नायू असतो, अख्ख्या जनावरात मऊपणात टेंडरलॉइनच्या खालोखाल. पण त्याच्या मधोमध कोलॅजनचा एक जाड पडदा जातो, त्यामुळे वर्षानुवर्षं तो आडवा कापून स्वस्त स्टेक म्हणून जायचा किंवा खिम्यात जायचा. २००० च्या आसपास नेब्रास्का आणि फ्लोरिडा विद्यापीठातल्या मांसशास्त्रज्ञांनी जनावराचे खांद्या-मांडीचे स्नायू एकेक करून तपासले आणि सांगितलं की बाबांनो, कापायची पद्धत बदला, पडदा सोलून काढा, वर एक आणि खाली एक असे दोन सपाट, मऊ तुकडे मिळतील. स्नायू तोच, फक्त सुरी वेगळी चालली, आणि दुकानात नवीनच स्टेक आला. तुमच्या दुकानात टॉप ब्लेड नावाने मधे शीर असलेला तुकडा मिळत असेल तर तो हाच, शीर घरी काढता येते.

आणि स्कर्टची गोष्ट उलटी. दक्षिण टेक्सासमध्ये, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, गुरांच्या मोठ्या रँचवर मेक्सिकन गुराखी काम करायचे, त्यांना १९३० च्या दशकात मजुरीचा भाग म्हणून जनावराचं डोकं, आतडी, आणि कोणाला नको असलेला स्कर्ट मिळायचा. त्यांनी तो निखाऱ्यावर भाजून, बारीक कापून, टॉर्टियात, म्हणजे मेक्सिकन पोळीत, गुंडाळून खाल्ला. १९६९ मध्ये सनी फाल्कन नावाच्या खाटकाने टेक्सासमधल्या काइल गावी स्टॉल टाकून हे फाहिता म्हणून विकलं, १९७३ मध्ये ह्यूस्टनला निन्फा लॉरेन्झो यांनी आपल्या छोट्या हॉटेलात असाच निखाऱ्यावरचा स्कर्ट टॉर्टियातून द्यायला सुरुवात केली, आणि बघता बघता सगळ्या देशाला तो कळला. आता तो स्कर्ट स्वस्त राहिलेला नाही. ज्यांनी हे शोधलं त्यांच्या वाट्याचा तुकडा आज बऱ्याच दुकानांत सरलॉइनपेक्षा महाग आहे, हे मला मनापासून खटकतं. पण शिकण्यासारखं हे की त्या गुराख्यांची सगळी युक्ती कडक आग आणि बारीक काप यात होती.

मॅरिनेडमधलं कोण किती आत जातं

आता बरणीत काय काय असतं ते बघू. मीठ (किंवा सोया सॉस), आंबट काहीतरी, तेल, लसूण-मिरी-जिरं-तिखट, कधी साखर, कधी पपई-अननसासारखं फळ.

यातलं खोल जातं ते फक्त मीठ. ते पाण्यात विरघळून हळूहळू आत सरकतं, एका रात्रीत साधारण सेंटिमीटरभर, आणि आत गेल्यावर धाग्यांमधली काही प्रथिनं सैल करतं, त्यामुळे मांस तापल्यावरही आपलं पाणी जास्त धरून ठेवतं. म्हणजे मिठाने मांस रसाळ राहतं, आणि रसाळ तुकडा दाताला मऊ वाटतो. सोया सॉस इतका चालतो तो यामुळेच, त्यात मीठ आहे आणि वर ग्लुटामेट, ज्याने मांसाची चव अजून भरते.

बाकी सगळं, लसूण, मिरी, जिरं, तेल, तिखट, हे वरच्या दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. दोन दिवस ठेवा नाहीतर चार. मांसाचा सत्तर-पंचाहत्तर टक्के भाग पाणीच असतो, तेलात विरघळणारे सुगंध त्यातून वाट काढू शकत नाहीत.

आंबटाचं काय? लिंबू, व्हिनेगर वरच्या थरातली प्रथिनं उलगडतं, थोडा वेळ ठेवलं तर तो थर किंचित सैल होतो. पण जास्त वेळ ठेवलं तर तीच प्रथिनं पुन्हा घट्ट होऊन पाणी बाहेर ढकलतात. रात्रभर भरपूर लिंबात ठेवलेला फ्लँक सकाळी बाहेर काढून बघा, कडा राखाडी झालेल्या असतात, वरचा थर बोटाला पिठूळ लागतो, आणि सुरीने मधोमध कापलं तर तो राखाडी पट्टा नखाएवढा जाड, त्याच्या आत मांस आदल्या दिवशी होतं तसंच लाल. भाजल्यावर तो पट्टा कोरडा आणि खडूसारखा लागतो, आणि आतला भाग तेवढाच चिवट. दह्याचं आम्ल लिंबापेक्षा बरंच सौम्य, म्हणून दह्यात रात्रभर ठेवलं तरी एवढं बिघडत नाही, शिवाय दही मसाला धरून ठेवतं आणि भाजताना छान रंग देतं.

पण कच्ची पपई लावली की मऊ होतंच ना?

होतं, यात वाद नाही. कबाबवाले पिढ्यान्‌पिढ्या लावतात ते उगाच नाही. कच्च्या पपईच्या चिकात पपेन नावाचं एन्झाइम असतं, एन्झाइम म्हणजे प्रथिनं तोडणारी नैसर्गिक कात्री समजा. अननसात, किवीत, आल्यातही अशी एन्झाइम्स असतात, कोरियन लोक बुलगोगीत, म्हणजे त्यांच्या बारीक कापून भाजलेल्या बीफमध्ये, नाशपाती किंवा किवी किसून घालतात ते यासाठीच.

अडचण अशी की हेही वरवरच काम करतं, आत जात नाही. खिमा असेल किंवा बारीक पसंदे असतील तर सगळं मांस म्हणजे पृष्ठभागच, तिथे पपई कमाल करते. पण अडीच सेंटिमीटर जाड स्टेकला लावून रात्रभर ठेवलं तर बाहेरचा थर गिळगिळीत आणि आत फरक शून्य. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, पपेनचा खरा जोर ६०-७० अंशाच्या आसपास असतो, म्हणजे फ्रिजमध्ये ते जवळजवळ झोपलेलं असतं आणि भाजताना, मांस तापत असताना, दणक्यात काम करतं. म्हणून थोडीशी लावून अर्धा-पाऊण तास ठेवलं तरी पुरतं. डब्यातला अननस मात्र वापरू नका, कॅनिंग करताना तो तापवलेला असतो, त्यातलं एन्झाइम मेलेलं असतं.

चिनी हॉटेलांत बारीक चिरलेल्या बीफला चिमूटभर खायचा सोडा लावून पंधरा-वीस मिनिटांनी धुऊन टाकतात, तोही चांगला उपाय आहे, पण तो कढईतल्या बारीक कापांसाठी. अख्ख्या स्टेकला नको.

मग मुरवायचं कशाला?

तुकडा पातळ असेल तर जरूर मुरवा. हिशोब बघा. स्कर्ट साधारण १२ मिलिमीटर जाड असतो, दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मसाला आत गेला तर एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत मांसाला चव लागली. वर त्याचे धागे सैलसर, मधे खाचा खाचा, त्यात मसाला बसतो. चार सेंटिमीटर जाड तुकड्यात तेच दोन-तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, तिथे आदल्या रात्री नुसतं मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडं ठेवणं जास्त उपयोगाचं, आणि मसाल्याची हौस असेल तर भाजून कापल्यावर वरून चटणीसारखं काहीतरी घाला.

मी फ्लँक किंवा स्कर्टला काय करते ते सांगते. एक किलो मांसाला १० ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे पावणेदोन सपाट चहाचे चमचे. सोया सॉस वापरणार असाल तर चार टेबलस्पूनमध्ये जवळपास एवढंच मीठ आलं, मग वेगळं घालू नका, डबल खारट झालेला स्टेक सुधारता येत नाही. त्यात ठेचलेला लसूण, जाडसर कुटलेलं भाजकं जिरं, मिरी, दोन-तीन चमचे तेल, लाल तिखट आवडीप्रमाणे, आणि लिंबू फक्त एक. दोन ते सहा तास फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही, कारण ४ ते ६० अंशाच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. झिप पिशवीत हवा काढून ठेवलं तर थोड्या मसाल्यात काम भागतं. ज्या मसाल्यात कच्चं मांस बुडवलं तो नंतर वरून ओतायचा असेल तर आधी चांगला उकळून घ्या.

वेळच नसेल तर नुसतं मीठ-मिरी, पण मीठ एकतर भाजायच्या अगदी आधी लावा नाहीतर चाळीसेक मिनिटं आधी. मधल्या वेळेत मीठ पाणी बाहेर खेचून ठेवतं, ते परत आत शोषलं जायला वेळ लागतो, आणि ओल्या पृष्ठभागावर आग काही करू शकत नाही.

आगीवर

ओल्या पृष्ठभागावर आग काही का करू शकत नाही, तर पाणी १०० अंशाच्या वर जात नाही. आणि भाजल्याचा तो खमंगपणा, तपकिरी कवच, ते प्रथिनं आणि साखरेच्या अंशांमधल्या रासायनिक क्रियेमुळे येतं, १९१२ मध्ये लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं, आणि ती जोर धरते साधारण १४० अंशाच्या पुढे. म्हणजे पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तुमचा स्टेक भाजत नाही, वाफवतो. म्हणून पिशवीतून काढल्यावर मसाला निपटून टाका आणि पेपर टॉवेलने तुकडा खरोखर कोरडा करा. जीव तुटतो, कळतं मला, एवढा मसाला पुसायचा, पण आत जायचं ते गेलेलं असतं, वर राहिलेला लसूण फक्त करपून कडू होणार.

आतमध्ये काय चालतं ते आकड्यांत बघा. ५० अंशाच्या आसपास एक प्रथिन गोठायला लागतं, मांस कच्चेपणा सोडून आकार धरतं. ६० ते ६५ च्या दरम्यान कोलॅजनचे पापुद्रे आकसतात आणि धाग्यांना पिळून रस बाहेर काढतात. ७० च्या पुढे उरलेलं प्रथिनही आवळतं, आणि मग मांस राखाडी, कोरडं. महागड्या रिबायमध्ये चरबी एवढी असते की थोडं जास्त भाजलं तरी निभावतं, फ्लँकमध्ये ती नसते, म्हणून इथे पाच अंशही फार होतात. त्यामुळे एक विनंती, पंधरा-वीस डॉलरचा मांसात टोचायचा थर्मामीटर घ्या. बोटाने दाबून ओळखता येतं म्हणतात, रोज शंभर स्टेक करणाऱ्याला येत असेल.

कोळसे पेटून वर पांढरी राख धरेपर्यंत थांबा, सगळे एका बाजूला लोटा, म्हणजे एक बाजू कडक आणि एक मंद राहते. स्कर्ट कडक बाजूला, दर बाजूला दोन-तीन मिनिटं, झालं. फ्लँक जाड असतो, त्याला रंग आला की मंद बाजूला सरकवून आतून होऊ द्या. वारंवार उलटू नये वगैरे मनावर घेऊ नका, दर अर्ध्या-एक मिनिटाने उलटलं तर उलट जास्त एकसारखं भाजतं.

आधी कडक भाजून रस आत बंद करायचा असतो ना?

ही समजूत १९ व्या शतकातल्या युस्टुस फॉन लिबिग या मोठ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची, म्हणून एवढी टिकली. पण बाहेरचं कवच काही जलरोधक नसतं. कवच धरल्यावरही स्टेक चर्रर्र आवाज करत राहतो ना, तो आवाज म्हणजे आतून पाणी बाहेर येऊन उडतंय. कडक भाजायचं ते चवीसाठी, आणि ते कारण पुरेसं आहे.

आतून गुलाबी म्हणजे कच्चं नाही का? आणि ते रक्त?

ते रक्त नाही. रक्त कत्तलीच्या वेळीच बहुतेक निघून जातं. लाल पाणी म्हणजे मायोग्लोबिन नावाचं स्नायूतलं प्रथिन, ऑक्सिजन साठवणारं, पाण्यात मिसळलेलं.

आणि सुरक्षित आहे का, तर अख्ख्या तुकड्यात जंतू असतात ते बाहेरच्या बाजूला, आतला भाग निर्जंतुक समजला जातो, आणि बाहेरची बाजू तर आगीवर चांगलीच भाजते. तरी अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला ६३ अंश आणि वर तीन मिनिटं थांबणे असा आहे. बरेच लोक ५५-५७ ला उतरवतात, तो ज्याचा त्याचा निर्णय, पण घरात लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं असतील तर मी ६३ च धरते, आणि बारीक कापलं तर ६३ चा फ्लँकही चांगला लागतो. खिमा मात्र ७१ अंश, तिथे तडजोड नाही, कारण बाहेरचे जंतू आत मिसळलेले असतात. आणि एक बारीक गोष्ट, काही स्वस्त स्टेक कारखान्यातच सुया टोचून मऊ केलेले असतात, सुयांबरोबर बाहेरचे जंतू आत जातात. मे २०१६ पासून अमेरिकेत तसं लेबलवर लिहावं लागतं, ते वाचा, आणि असा तुकडा गुलाबी ठेवू नका.

सुरी

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी एवढं लिहितेय.

ऊस उभा सोलून दातात धरला तर धागे किती लांब निघतात, आणि त्याच उसाच्या आडव्या गंडेऱ्या केल्या तर चावताना चोथा तुटत जातो. मांसाचंही अगदी तसंच आहे. धाग्याच्या दिशेने कापलं तर तोंडात सहा-सात सेंटिमीटरचे धागे येतात आणि ते तोडायचं काम दातांचं. धाग्याला आडवं, बारीक कापलं तर प्रत्येक धागा चार-पाच मिलिमीटरचाच राहतो, दाताने नुसता दाब दिला की सुटतो. तोच तुकडा, तोच मसाला, तीच आग, अर्धा नीट कापा आणि अर्धा चुकीचा, दोन वेगळ्या जनावरांचं वाटेल.

फ्लँकमध्ये धागे लांबीच्या दिशेने जातात, अगदी रेघा मारल्यासारखे दिसतात, तेव्हा आडवं कापणं सोपं. स्कर्ट फसवतो. तो लांब पट्टा असतो आणि धागे त्याच्या रुंदीतून जातात, त्यामुळे पट्ट्याला साहजिक आडवी सुरी घातली की ती नेमकी धाग्याच्या दिशेने पडते. म्हणून स्कर्टचे आधी चार-चार इंचाचे तुकडे करा, मग प्रत्येक तुकडा पाटावर काटकोनात फिरवा आणि बारीक कापा. भाजल्यावर धागे दिसेनासे होतात, तेव्हा कच्चं असतानाच दिशा बघून ठेवा, मी कोपऱ्यात सुरीने एक छोटी खूण करते. उतरवल्यावर पाचेक मिनिटं थांबा, सुरी तिरकी धरा, धार चांगली हवी.

करपलेल्याने कॅन्सर होतो म्हणतात

भीती निराधार नाही. खूप जास्त तापमानावर स्नायूत काही घातक संयुगं बनतात, आणि चरबी निखाऱ्यावर ठिबकून जो धूर येतो त्यातही असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये लाल मांसाला बहुधा कर्करोगकारक या गटात टाकलं. स्वस्त पातळ तुकड्यांचा इथे थोडा फायदाच आहे, चरबी कमी आणि आगीवरचा वेळ कमी. आणि प्रयोगांत असं दिसलंय की मसाले, लसूण, आंबट असलेल्या मॅरिनेडमुळे ही संयुगं कमी बनतात. ज्वाळा लागली तर तुकडा बाजूला सरकवा, काळं झालेलं कापून टाका, आणि रोज खाऊ नका.

ग्रिल नसेल, किंवा म्हशीचं मांस असेल

बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवा, खिडकी उघडा, तेल तव्याला न लावता तुकड्याला चोळा. ग्रिलचा धुरकट वास येणार नाही, कवच मात्र जास्त छान धरतं.

आखातात राहणाऱ्यांना स्वस्तात मिळतं ते बऱ्याचदा भारतातून गेलेलं म्हशीचं मांस. ते कमी चरबीचं, आणि जनावर वयस्क असेल तर जास्तच चिवट, कारण वयाबरोबर कोलॅजनच्या धाग्यांमधल्या गाठी पक्क्या होत जातात आणि लवकर विरघळत नाहीत. त्याचा जाड स्टेक करायच्या भानगडीत पडू नका. अर्धवट गोठवून घ्या म्हणजे सुरी नीट चालते, धाग्याला आडवे अर्ध्या सेंटिमीटरचे काप करा, पपई चमचाभर, अर्धा तास, आणि कडक तव्यावर मिनिट-दीड मिनिट. मटणाच्या मांडीचंही असंच, हाडापासून सोडवून, पापुद्रे काढून, आडवे काप. बोकड कोवळं असेल तर पपईचीसुद्धा गरज नाही.

उरलं तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, ते सरळ ७० अंशाच्या वर जातं आणि काल सांभाळलेलं सगळं पाणी सोडतं. फ्रिजमधून काढून थंडच बारीक कापा, कांदा, कोथिंबीर, लिंबू पिळा, आणि तव्यावरून उतरलेल्या गरम पोळीत गुंडाळा, पोळीच्या उबेवर ते आपोआप हवं तेवढं गरम होतं.